जुन्या ट्रस्टचा इतिहास काढायचाय? फोटोला हार नंतर घाला, आधी जमिनीचे कागद काढा

नागपूरच्या महाल भागात आमच्या मोहल्ल्यात एक जुना धर्मादाय वाडा आहे. मधे चौक, चौकात विहीर, चारी बाजूनं खोल्या. मेयो नाहीतर मेडिकल या सरकारी दवाखान्यांत पेशंट भरती असला की बाहेरगावची माणसं तिथं उतरतात, दोन-चार निराधार म्हाताऱ्या बाया कायमच्या आहेत, संध्याकाळी वरण-भात मिळतो. ट्रस्टचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे लिहून राहिलो ते सगळ्यांनाच आवडेल असं नाही. गेटवर बोर्ड आहे, ‘स्थापना १९६२’, म्हणून २०२२ मध्ये ट्रस्टवाल्यांनी हीरक महोत्सव ठरवला आणि मला पकडलं. म्हणे काकाजी, तुम्ही तर रिटायर झाले, घरीच बसून राहिले, स्मरणिकेसाठी चार पानं इतिहास लिहून द्या जी. मला वाटलं आठ दिवसांचं काम आहे. लागले चौदा महिने, महोत्सव केव्हाच उरकला, आणि साठ वर्षांचा ट्रस्ट निघाला एक्याण्णव वर्षांचा.

तेव्हापासून दोन-तीन जणांनी विचारलं की आमच्याकडेही असाच एक जुना ट्रस्ट आहे, इतिहास कसा काढायचा, कुठं जायचं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नागपूरच्या हिशोबानं लिहितो. विदर्भाचे कागद पुण्या-मुंबईपेक्षा वेगळे आहेत, आणि नेटवर जी माहिती मिळते ती बहुतेक तिकडची असते.

सुरुवात वाड्यातूनच करा, ऑफिसातून नाही. भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, देवळीच्या वर कुठंतरी दगडी पाटी असतेच. आमची पाटी डिस्टेंपरच्या चार थरांखाली गेली होती, अक्षरं दिसतच नव्हती. खरवडू नका, दगड जातो. ओल्या फडक्यानं पुसायची आणि अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च बाजूनं, अगदी भिंतीला लावून मारायचा, म्हणजे खोदलेल्या अक्षरांत सावली पडते आणि वाचता येतं. आमच्या पाटीवर निघालं ‘संवत १९९१’. इतवारीच्या व्यापाऱ्यांची वही विक्रम संवतात चालायची, म्हणून दानशूर व्यापारी असला तर संवत, देशस्थ-कोकणस्थ किंवा भोसल्यांच्या दरबारातलं घराणं असलं तर बहुतेक शके. संवतातून ५७ वजा करा, शकेत ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक धरून. १९९१ म्हणजे १९३४ किंवा ३५. झालं, बोर्डावरचं १९६२ इथंच उडालं. पण घाई करू नका, पाटीवरचं साल बांधकामाचं असतं, दानाचं नाही. हे मला सहा महिन्यांनी कळलं.

मग पेटी. प्रत्येक जुन्या ट्रस्टकडे एक लोखंडी पेटी असते आणि तिची किल्ली कोणाकडे आहे यावर दोन गट असतात. आमच्याकडे किल्ली एका ट्रस्टींकडे आणि पेटी दुसऱ्यांच्या घरी, दोघांचं बोलणं बंद. मी दोघांनाही एकाच दिवशी चहाला बोलावलं, काऊन बोलावलं ते सांगितलं नाही. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही पहा, पण पेटी उघडताना किमान दोन ट्रस्टी हजर ठेवा आणि आतल्या कागदांची यादी तिथंच करून सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर उद्या एखादा कागद सापडला नाही की चोर तुम्ही. कागद झेरॉक्सवाल्याकडे नेऊ नका, घडीवर तुटतात. खिडकीजवळ टेबलावर ठेवून मोबाईलनं फोटो काढा, प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूचाही. मागच्या बाजूला स्टॅम्प व्हेंडरची नोंद असते, कोणी, कधी, कशासाठी स्टॅम्प घेतला ते, आणि दोनदा तरी मला पुढच्या मजकुरापेक्षा त्या नोंदीनंच वाट दाखवली.

आता धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. नागपूरला धर्मादाय सह आयुक्त बसतात. तिथून ट्रस्टचा पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टच्या नोंदणी रजिस्टरचा, उतारा मागायचा, लोक त्याला शेड्यूल वन किंवा परिशिष्ट एक म्हणतात. त्यात ट्रस्टचं नाव, उद्देश, विश्वस्त कसे नेमायचे, जंगम आणि स्थावर मालमत्ता, उत्पन्नाची साधनं, सगळं एका जागी असतं. नंबराच्या आधी एक अक्षर असतं, ढोबळमानानं ए म्हणजे हिंदू धर्माशी संबंधित, ई म्हणजे सगळ्या जातीधर्मांसाठी, एफ म्हणजे सोसायटी कायद्याखालची संस्था. एवढ्या एका अक्षरातून बरंच कळतं.

सगळ्यात मोठी चूक इथं होते, माझीही झाली. पीटीआरवरची नोंदणीची तारीख ही ट्रस्टची जन्मतारीख नव्हे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, राजधानी होतं. त्या वेळी इथं मध्य प्रदेशचा १९५१ चा पब्लिक ट्रस्ट कायदा चालायचा आणि त्यात रजिस्ट्रार म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर. मुंबईचा १९५० चा कायदा, ज्याला आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात, तो विदर्भात लागू झाला १९६०-६१ मध्ये, आणि जुने ट्रस्ट नव्या रजिस्टरवर चढले. म्हणून नागपूरच्या कितीतरी संस्थांच्या बोर्डावर साठ-एकसष्ट-बासष्ट साल दिसतं. ती तारीख कारकुनानं रजिस्टरमध्ये नाव लिहिल्याची आहे. त्याच्या आधीची फाईल हवी असेल तर कलेक्टर ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये जावं लागतं.

धर्मादाय ऑफिसात दुसरी मागायची गोष्ट म्हणजे चेंज रिपोर्ट. कलम २२ खाली, विश्वस्त मेला, बदलला, मालमत्तेत फरक पडला की ९० दिवसांत कळवावं लागतं. वकील लोक याला कटकट समजतात, इतिहास लिहिणाऱ्याला मात्र हे घबाड आहे. एकेका रिपोर्टला जोडलेले ठराव, मृत्यूचे दाखले, हरकती, उलटतपासण्या असतात. आमच्या ट्रस्टमध्ये १९७८ ते १९९१ एकही चेंज रिपोर्ट नव्हता. तेरा वर्ष कोणी मेलं नाही काय? मेले, तिघं मेले, कोणी कळवलंच नाही. अशी रिकामी जागा दिसली की तिथंच खणायचं.

अर्ज साधा करा, पीटीआर नंबर, कोणता उतारा, किती साल ते किती साल. नक्कल मिळायला वेळ लागतो, फाईल सापडत नाही म्हणतात, परत या म्हणतात. मी चार वेळा गेलो, पाचव्यांदा माहितीच्या अधिकारात टाकला. अर्जाची फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, तर पानभर गाऱ्हाणं लिहू नका. ‘अमुक नंबरच्या ट्रस्टच्या चौकशी अर्जाच्या फाईलचे निरीक्षण करू द्यावे’ एवढं पुरे. निरीक्षण मागा, नक्कल नंतर. फाईल हातात आली की काय हवं ते तुम्हालाच दिसतं.

आता जमीन. मी आधी हे सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, तिथं फसलो. ट्रस्टींच्या आठवणी, स्मरणिकेतले लेख, फोटोखालचे मजकूर, सगळं एकमेकांची कॉपी असतं, एकानं चुकीचं लिहिलं की पुढचे पाच तेच लिहितात. जमिनीच्या कागदात प्रत्येक वेळी नवा माणूस नवी नोंद करतो आणि त्याला तुमच्या संस्थापकाचं कौतुक नसतं.

शहरातल्या जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढा. बाकी महाराष्ट्र प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, आपण आखीव पत्रिका. मौजा, शीट नंबर आणि सिटी सर्वे नंबर लागतो, तो घर टॅक्सच्या पावतीवरून किंवा शेजाऱ्याच्या पत्रिकेवरून काढता येतो. त्यात सत्ता प्रकार नावाचा रकाना आधी पहा. जागा मालकीची आहे का नझूलची ते तिथं कळतं. नागपुरात नझूलच्या जागा भरपूर आहेत, म्हणजे सरकारी जागा, बहुतेक तीस वर्षांच्या पट्ट्यानं दिलेली. ‘आमच्या पणजोबांनी जमीन दान दिली’ असं ज्या जागेबद्दल सांगतात ती कधीकधी नझूलची निघते, म्हणजे पणजोबांनी पट्ट्याचा हक्क दिला, जमीन सरकारचीच. वाईट वाटून घेऊ नका, लिहा तसं. मग फेरफाराच्या नोंदी वरून खाली वाचा. आमच्या पत्रिकेत क्षेत्र मधेच कमी झालेलं होतं, कारण शोधलं तर रस्ता रुंद करायला सुधार प्रन्यासनं पट्टी घेतलेली. नासुप्र, म्हणजे हीच नागपूर सुधार प्रन्यास, १९३६ च्या कायद्यानं आली, जुन्या नागपुरातले कितीतरी वाडे तिनं कापले, आणि मोबदला दिला असेल तर त्याचीही फाईल असते. मोबदल्याच्या पैशातूनच आमच्या मागच्या चार खोल्या बांधल्या होत्या. स्मरणिकेत मात्र ‘उदार देणगीदारांच्या सहकार्याने’.

पत्रिकेतलं क्षेत्र कमी झालं आणि संपादन नाही, तर विक्री शोधा. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, बदलायची, दान द्यायची, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त आणि शेती दहा वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. म्हणजे ऑर्डर असायलाच पाहिजे. ऑर्डर असेल तर त्यात विकायचं कारण, भाव, कोणी विरोध केला, सगळं सापडतं. ऑर्डर नसेल तर तो इतिहास नाही राहिला, ती केस आहे, चांगला वकील पहा.

खेड्यातल्या शेतीचं वेगळं. जुने दानपत्र करणारे हुशार होते, नुसता वाडा देऊन भागत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून सोबत शेत द्यायचे, शेताच्या उत्पन्नातून वाड्याचा खर्च. आमच्या ट्रस्टचं शेत उमरेड रोडकडे होतं. होतं म्हणजे आता नाही, त्यावर येतोच. अशा शेतासाठी पटवाऱ्याकडून आजचा सातबारा घ्या, मग मागे मागे जा. मधे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा मोठा टप्पा आहे, कारण ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालकांची पद्धत, संपली आणि त्यानंतर कोणाकडे काय राहिलं ते त्यात नव्यानं लिहिलं गेलं. दाता मालगुजार असेल तर हा कागद आधी पहा. त्यानं १९३० मध्ये गावातला आठ आणे, म्हणजे अर्धा, हिस्सा दान दिला असेल तर मालगुजारी गेल्यावर त्यातलं बरंचसं सरकारात गेलं आणि खुदकाश्त, म्हणजे स्वतः कसत असलेली जमीन, तेवढी राहिली. ‘ट्रस्टच्या नावावर अख्खं गाव होतं’ ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी ऐकू येते आणि ती पुष्कळदा खोटी नसते, फक्त १९५१ ला संपलेली असते. त्याहून मागे जायचं तर रेकॉर्ड रूममध्ये बंदोबस्ताचे, म्हणजे इंग्रजांच्या वेळी सारा ठरवतानाचे कागद, आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटीची नोंद, त्यात गावातली विहीर, चराई, सराय कोणाची ते असतं.

मोजमापात मी असा आपटलो की विचारू नका. दानपत्रात शेत १२.३५ एकर लिहिलेलं. मी सरळ धरलं १२ एकर ३५ गुंठे. आजच्या सातबाऱ्यांची बेरीज ५.०० हेक्टर. माझ्या हिशोबानं ५.२१ यायला पाहिजे, म्हणजे २१ गुंठे गायब! दोन आठवडे मी त्या २१ गुंठ्यांच्या मागे, रात्री झोपेत पण गुंठे, एका ट्रस्टीवर तर मनातल्या मनात आरोपपत्रही तयार केलं. शेवटी रेकॉर्ड रूममधल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं हसत सांगितलं, “साहेब, हे सी.पी. चे कागद आहेत, इथं गुंठा नाही चालत, डिसिमल चालते.” सी.पी. म्हणजे इंग्रजांच्या वेळचा मध्य प्रांत, आणि डिसिमल म्हणजे एकराचा शंभरावा भाग. १२.३५ म्हणजे बारा एकर आणि एका एकराचे पस्तीस शतांश, बरोबर ५ हेक्टर. ओळखायची खूण अशी की त्याच रजिस्टरमध्ये कुठं ७.८५ किंवा ३.६२ असे आकडे दिसले की ते डिसिमल समजा, कारण गुंठे ४० झाले की एक एकर होतो, ४० च्या वर गुंठा जातच नाही.

आता मूळ दानपत्र किंवा मृत्युपत्र. स्थावराचं दानपत्र १९०८ च्या नोंदणी कायद्यानं रजिस्टर करावंच लागतं, म्हणजे ते सब-रजिस्ट्रारच्या बही क्रमांक १ मध्ये नक्कल होऊन पडलेलं असतं. ऑनलाइन सर्चवर जुनं काही मिळत नाही, तिकडं वेळ घालवू नका, ऑफिसात जाऊन इंडेक्स पहायचा. फी भरून कोणीही पाहू शकतो, तुम्ही नातेवाईक पाहिजे असं कोणी सांगितलं तर नम्रपणे कलम ५७ दाखवा. नावाच्या स्पेलिंगवर अडू नका, एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं, आणि साल नक्की नसेल तर पुढची-मागची पाच वर्षं पहा. मृत्युपत्रं बही ३ मध्ये, करणारा वारला असला की त्याची नक्कल कोणालाही मागता येते. भाषा हिंदी, मराठी, इंग्रजी, काहीही असू शकते, जुनी मराठी असेल तर बहुतेक मोडीत. मोडी वाचणारे नागपुरात अजून आहेत, पानामागे पैसे घेतात, द्या. मी आधी फुकटात एका ओळखीच्याकडून वाचून घेतलं, त्यानं ‘अपंग’चं ‘अभंग’ केलं आणि मी महिनाभर समजत होतो की वाड्यात भजनं व्हायची.

आमचं दानपत्र निघालं १९३१ चं. म्हणजे १९३१ ला दान, १९३४-३५ ला बांधकाम, १९५० च्या दशकात कलेक्टरकडे नोंद, १९६२ ला मुंबईच्या कायद्याच्या रजिस्टरवर. चारही तारखा खऱ्या आहेत. इतिहास लिहिताना चारही द्या आणि कोणती कशाची ते सांगा, वाढदिवस कोणता करायचा ते ट्रस्टी ठरवतील.

दानपत्रात एक ओळ सावकाश वाचायची असते, कोणासाठी. आमच्यात लिहिलेलं, ‘परगांवचे रुग्णाइत, अनाथ व अपंग हिंदू स्त्री-पुरुष’. वाचायला छान वाटतं. ही ओळ घेऊन मी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसलो. वाड्यातच लहानपणी भांडी घासलेल्या एक आजी आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, त्यांनी सांगितलं की विहिरीजवळ दोन रांजण असायचे, एक आतल्यांसाठी, एक बाहेर ओट्याखाली. मी विचारलं बाहेरचा कोणासाठी. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, म्हणाल्या, “तुले माहीत नाही काय रे?” मग मी दुसऱ्या वस्तीत गेलो, तिथल्या एका काकाजींनी सांगितलं की त्यांचे वडील मेयोत भरती होते तेव्हा आई आठ दिवस रस्त्याच्या कडेला झोपली, वाड्यात घेतलं नाही, आणि कोणी नाही म्हटलंही नाही, फक्त ‘जागा नाही’ म्हणायचे. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा, त्यात धर्मशाळा स्पष्ट आलेली आहे. पुढच्याच वर्षी १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. आजींच्या सांगण्यानुसार बाहेरचा रांजण त्यानंतरही काही वर्षं होता.

हे लिहायचं का? मी लिहिलं. तुम्हीही विचारा, तुमच्या ट्रस्टबद्दल, कोणाला जागा मिळायची याच्याइतकंच कोणाला मिळत नव्हती. कागदात हे सापडत नाही, माणसांकडेच सापडतं, आणि ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत तर आधी त्यांच्याकडे जा, ऑफिसं कुठं पळून जात नाहीत. रेकॉर्ड करण्याआधी विचारा. मोबाईल समोर ठेवला की लोक भाषण देतात, म्हणून पहिली भेट बिना रेकॉर्डिंगची, दुसरी रेकॉर्डिंगची. सालं विचारू नका, ‘तुमचं लग्न झालं होतं का तेव्हा’, ‘पैसे आण्यात होते का नव्या पैशात’ असं विचारा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, हे आठवणी लावायला फार उपयोगी पडतं.

हिशोबाच्या वह्या मिळाल्या तर नशीब. आमच्या पेटीत तीन मिळाल्या, लाल कापडाच्या, उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. त्यात असं, ‘जवारी ४ मण’, ‘कंदील तेल’, ‘बेवारस प्रेत १, लाकडं’, ‘मावशीबाईस लुगडं १’. एका महिन्यात बेवारस प्रेताची लाकडं चारदा, मी ते पान किती वेळ पाहत बसलो सांगता येत नाही. नंतरच्या काळासाठी ऑडिटचे ताळेबंद आहेत, धर्मादाय ऑफिसात दरवर्षी शेड्यूल आठ आणि नऊ जातं. एक साधं काम करा, दर दहा वर्षांचा एक ताळेबंद घ्या आणि उद्देशावर किती खर्च आणि आस्थापनेवर किती ते शेजारी मांडा. आम्ही मांडलं तेव्हा दोन ट्रस्टी उठून गेले, एक म्हणाले हे इतिहासात कशाला.

वर्तमानपत्रं, गॅझेटियर वगैरे बघा पण त्यात जीव अडकवू नका. हितवाद १९११ पासून आहे, जुन्या वाचनालयांत बांधीव अंक मिळतात, दान जाहीर झाल्याची दोन ओळींची बातमी सापडली तर सापडली. नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटियर पार्श्वभूमीसाठी बरं आहे. त्यापेक्षा कोर्टाचे निकाल जास्त कामाचे. ट्रस्टमध्ये भांडण झालं असेल, आणि होतंच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली दावा झालेला असू शकतो, कोर्टानं ट्रस्ट कसा चालवायचा याची स्कीम घालून दिली असेल. १९३६ ते ५६ नागपूरचं स्वतःचं हायकोर्ट होतं, त्याचे छापील निकाल आता नेटवर फुकट शोधता येतात, दात्याचं आडनाव आणि ‘ट्रस्ट’, ‘धर्मशाळा’ असे शब्द टाकून पहा. निकालाच्या पहिल्या दोन पानांत न्यायाधीश अख्ख्या ट्रस्टची गोष्ट सांगतात, तीही दोन्ही बाजू ऐकून.

आता त्या शेताचं. मोहल्ल्यात लहानपणापासून ऐकलेलं की ट्रस्टचं शेत पटवाऱ्यानं खाल्लं. कोणी म्हणायचं जुन्या ट्रस्टीनं विकलं. तहसीलमधून कूळ कायद्याच्या केसची नक्कल काढली तेव्हा निराळंच निघालं. विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा, त्यात कलम १२९ आहे, काही ट्रस्टच्या जमिनींना कूळ कायद्यातून सूट मिळते, सगळं उत्पन्न ट्रस्टच्या कामालाच जात असेल तर. पण कोणते ट्रस्ट? शिक्षणासाठीचे, दवाखाना, पांजरापोळ, गोशाळा, आणि सार्वजनिक पूजेची संस्था. आमच्या ट्रस्टनं अर्ज केला होता, वेळेत केला होता, जुने ट्रस्टी बिचारे प्रत्येक तारखेला हजर. अर्ज नामंजूर. वाडा दवाखाना नाही, रुग्णांचे नातेवाईक उतरतात एवढंच. देऊळ नाही, चौकात तुळस आहे एवढंच. गाईला चारा घालणारा ट्रस्ट यादीत होता, माणसाला भात घालणारा नव्हता. शेत कुळांकडे गेलं, ट्रस्टला ठरलेली किंमत हप्त्यानं मिळाली, वहीत ‘जमिनीचे हप्ते जमा’ म्हणून सापडते.

मी त्या गावालाही जाऊन आलो. तिघा कुळांची नातवंडं तिथं आहेत, संत्रा आणि कापूस. एकानं खाट टाकून बसवलं, चहा दिला, म्हणाला, आमचे आजोबा ट्रस्टच्या शेतात अर्ध्या बटाईनं राबायचे, दोन वर्षं नापिकी झाली तेव्हा त्याच वाड्यात जाऊन जेवत होते. त्याच वाड्यात, त्यांनीच पिकवलेली ज्वारी. मी ते वाक्य जसंच्या तसं छापलं आणि ‘शेत गेले’ या मथळ्याऐवजी ‘शेत कुळांकडे गेले’ असं लिहिलं, त्यावर मीटिंगमध्ये दीड तास भांडण.

लिहिताना एवढं सांभाळा. आज वाड्यात राहणाऱ्यांची नावं, फोटो, आजार छापू नका, स्मरणिका जाहिरातदाराच्या टेबलावर पडून राहते आणि ती माणसं कोणाच्या तरी ओळखीची असतात. चालू कोर्ट केसबद्दल फक्त नंबर आणि साल. कागद सापडला नाही तिथं गोड वाक्य घालून भोक बुजवू नका, कोणत्या साली ते कोणत्या साली काही मिळालं नाही तेवढं लिहा, पुढं कोणाला तरी मिळेल. प्रत्येक वाक्याला कोणता कागद आधार आहे त्याची वेगळी वही ठेवा, छापायची गरज नाही, पण भांडणात लागते. मला तीनदा लागली. मूळ कागद परत पेटीत ठेवताना आधीच्या यादीशी ताडून पहा, नवीन सह्या घ्या, स्टेपलर आणि टाचण्या काढून टाका, गंजतात, आणि फोटोंचा एक संच ट्रस्टच्या बाहेर, एखाद्या वाचनालयात द्या.

आमच्या ट्रस्टनं चारपैकी अडीच पानं छापली, रांजणाचा भाग ठेवला, ताळेबंदाचा काढला. गेटवरचा बोर्ड बदलून ‘स्थापना १९३१’ करायचा ठरावही एकमतानं पास झाला. पेंटर दिवाळीनंतर येतो म्हणाला होता, ती दिवाळी होऊन गेली, बोर्ड अजून १९६२ चाच आहे.